मुलगा गांज्यासोबत दुसऱ्यांदा सापडला: कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या आईवडिलांसाठी हे पान आहे. पहिल्या वेळी बहुतेक घरं गोष्ट झाकतात. दुसऱ्यांदा पोलिसांचा फोन आला की घाबरतात, आणि घाबरून जे करतात त्याने पोराचं जास्त नुकसान होतं. दुसऱ्या प्रकरणाचं काय होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: त्या दिवशी मुलाचं वय किती होतं, माल किती आणि कसला होता, आणि पहिलं प्रकरण कागदावर कसं संपलं. पुढचे बरेचसे प्रश्न या तिन्हींभोवतीच फिरतात.

"दुसरी वेळ आहे, आता सुटत नाही" असं पोलीस ठाण्यात सांगितलं. खरं आहे का?

मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल आणि त्याच्याकडे लहान मात्रा सापडली असेल, तर हे खरं नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम २० नुसार गांज्याची शिक्षा मात्रेप्रमाणे ठरते. १ किलोपेक्षा कमी ती लहान मात्रा. तिला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यावसायिक मात्रा. तिला किमान १० आणि कमाल २० वर्षं. या दोन्हींच्या मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड. ही शिक्षा सज्ञान माणसाची. १८ च्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय कायदा, २०१५ खाली बाल न्याय मंडळासमोर जातं, आणि तिथे हे आकडे फक्त गुन्ह्याचा वर्ग ठरवायला वापरतात. कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत असली तर गुन्हा किरकोळ. कमाल ७ वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षा नाही किंवा ७ वर्षांहून कमी, तर गंभीर. किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण.

खिशात चार पुड्या सापडल्या तर गुन्हा किरकोळ वर्गातला. दुसऱ्यांदा सापडल्या तरी किरकोळच, तिसऱ्यांदाही किरकोळच. मुलाला सज्ञान समजून खटला चालवण्याचा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाबाबतच होऊ शकतो. किती वेळा पकडला यावरून तो दरवाजा उघडत नाही.

मग दुसऱ्या वेळेचा काहीच फरक पडत नाही?

पडतो. मंडळ आदेश देताना बाल न्याय कायद्याच्या कलम १८ प्रमाणे गुन्ह्याचं स्वरूप, मुलाची गरज, सामाजिक तपासणी अहवाल आणि मुलाचं आधीचं वर्तन पाहतं. पहिलं प्रकरण या 'आधीच्या वर्तना'त येतं.

पहिल्या वेळी बहुधा समज देऊन, समुपदेशनाला पाठवून किंवा समाजसेवेचं काम देऊन विषय संपतो. दुसऱ्या वेळी मंडळ विचारतं: मागच्या वेळी सांगितलेलं केलंत का? समुपदेशनाला गेला का? शाळा सुरू आहे का? उत्तर "नाही" असेल तर आदेश कडक होतो. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ३ वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणं, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम सक्तीने पूर्ण करायला लावणं, अमुक ठिकाणी फिरकायचं नाही अशी मनाई, पालकांना दंड. सगळ्यात टोकाला विशेष गृहात ३ वर्षांपर्यंत ठेवणं.

दोन प्रकरणांच्या मधल्या काळात घराने काय केलं, हे त्या खोलीत सगळ्यात मोठ्याने बोलतं. पहिल्या वेळेनंतर खरोखर उपचार घेतलेला मुलगा पुन्हा सापडला, तर मंडळाला समोर आजार दिसतो. पहिल्या वेळेनंतर नुसता मामाकडे मुंबईला पाठवून दिलेला मुलगा पुन्हा सापडला, तर घराचं दुर्लक्ष दिसतं.

'पोराक आत टाकतले काय?'

आजी-आजोबांचा पहिला प्रश्न हाच असतो. १८ च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच तर विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मंडळासमोर उभं करावं लागतं. बेड्या घालता येत नाहीत. कुठल्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यात, सोबत सज्ञान आरोपी नसेल तर, नियमांनुसार एफआयआरसुद्धा नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो आणि तो मंडळाकडे जातो. ठाण्यात "एफआयआर झालाय का, की डायरी नोंद?" एवढं शांतपणे विचारा. त्या एका प्रश्नाने समोरच्याला कळतं की तुम्हाला कायदा माहीत आहे.

जामीन मिळतो का? एनडीपीएसमध्ये मिळत नाही असं ऐकलंय.

तुम्ही ऐकलंय ते कलम ३७. त्याच्या कडक अटी मुख्यतः व्यावसायिक मात्रेच्या प्रकरणांसाठी आहेत. मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम १२ आहे: गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. नाकारायची कारणं तीनच. सोडल्याने तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल.

दुसऱ्या वेळी सरकारी पक्ष यातलं पहिलं कारण पुढे करतो: "त्याच टोळक्यात परत जाईल." त्याला उत्तर तोंडी देऊ नका. मुलगा कुणाकडे राहील, रोज कुठे जाईल, उपचार कुठे सुरू होतील, हे लिहून न्या. अटी ७ दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला परत मंडळासमोर आणावं लागतं. जामीनदार मिळत नाही म्हणून पोर निरीक्षणगृहात खितपत पडायचं कारण नाही.

तो आता १८ वर्षं २ महिन्यांचा आहे. पहिल्या वेळी १७ चा होता.

इथे नीट थांबून वाचा. सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात.

वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. पहिलं प्रकरण १७ व्या वर्षीचं असेल, तर ते आज चालू असलं तरी मंडळाकडेच राहतं. दुसरं १८ पूर्ण झाल्यावरचं असेल, तर ते सज्ञान माणसाचं प्रकरण: एफआयआर, अटक होऊ शकते, नेहमीचं न्यायालय. अटकेऐवजी पोलीस नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात, तशी विनंती जरूर करा. पण अटक झालीच, तर ठाण्यातून जामीन होईल असं धरून चालू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र असल्याचं मत दिलं आहे. लहान मात्रेत जामीन मिळणं अवघड नसतं, मात्र तो न्यायालयातून घ्यावा लागतो.

आता खरी भीती. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी हमखास सांगतो, "गुन्हा कबूल करून टाका, दोन-पाच हजार दंड होईल, मोकळे व्हाल." बाप बोटीवर किंवा बागेत कामाला, रोज तारखेला येणं परवडत नाही. म्हणून लोक कबूल करतात. पण दंड भरून संपलेलं प्रकरण म्हणजे दोषसिद्धी. त्यानंतर पुन्हा तेवढ्याच शिक्षेचा गुन्हा सिद्ध झाला, तर एनडीपीएसचं कलम ३१ लागतं: कमाल शिक्षेच्या दीडपट, म्हणजे लहान मात्रेला दीड वर्षापर्यंत सक्तमजुरी आणि वर १५ हजारांपर्यंत दंड. पहिल्या वेळी असलेला 'किंवा नुसता दंड' हा पर्याय त्या कलमाच्या शब्दांत नाही. शिवाय १८ पूर्ण झालेल्याला या गुन्ह्यात परिविक्षेचा, म्हणजे शिक्षेऐवजी अटींवर सोडण्याचा, नेहमीचा कायदाही कलम ३३ मुळे बंद असतो. वाट उरते ती व्यसनी व्यक्तीला उपचारासाठी सोडण्याची, कलम ३९ ची.

माझं मत स्पष्ट आहे: १८-१९ वर्षांच्या पोराला वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली द्यायला लावू नका. तारखा पडतील, त्रास होईल, पण तो त्रास स्वस्त आहे.

१७ व्या वर्षीचा मंडळाचा आदेश 'पहिली शिक्षा' म्हणून कलम ३१ मध्ये धरतात का?

बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं की, या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं त्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होणार नाही, इतर कायद्यात काहीही लिहिलेलं असो. अपवाद फक्त निर्घृण गुन्ह्यात सज्ञान म्हणून खटला चाललेल्या मुलाचा. म्हणून कुणी जुना आदेश वाढीव शिक्षेसाठी पुढे केला, तर वकिलाने कलम २४ वर बोट ठेवून हरकत घ्यायची.

नियमांनुसार ही कागदपत्रं अपिलाची मुदत किंवा ७ वर्षं, एवढाच काळ सुरक्षित ठेवून नंतर नष्ट करायची असतात. तशी ती झाली का, हे अर्ज करून विचारा. आपणहून सगळीकडे होतंच असं नाही.

घरामागे परड्यात झाड लावलं होतं. ते लहान मात्रेत येतं ना?

नाही. लागवड हा वेगळा गुन्हा आहे. त्यात झाडाचं वजन किंवा संख्या बघून सूट नाही. कुंडीतल्या एका झाडालाही १० वर्षांपर्यंत शिक्षा लागू शकते. मुलाच्या बाबतीत गुन्हा किरकोळ वर्गातून उठून गंभीर वर्गात जातो. मुलं मोबाइलवर बघून बी रुजवतात आणि "विकत घेत नाही, म्हणजे गुन्हा नाही" असं समजतात. पहिल्या प्रकरणानंतर घराच्या मागची बाजू, गच्ची, पडीक गोठा स्वतः जाऊन बघा.

किनाऱ्यावर पाकीट सापडलं आणि त्याने उचलून ठेवलं...

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, तेव्हापासून हा प्रश्न हवेतला राहिलेला नाही. चरसचे आकडे गांज्यापेक्षा फार खाली आहेत: १०० ग्रॅमपेक्षा कमी ती लहान मात्रा, १ किलोच्या वर व्यावसायिक. एखादं भरलेलं पाकीट सरळ निर्घृण वर्गात नेऊ शकतं. १६-१७ वर्षांच्या मुलाबाबत मग मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. कलम ३७ चा मुद्दाही तिथेच उभा राहतो, जरी अनेक उच्च न्यायालयांनी मुलांसाठी कलम १२ लाच वरचढ मानलं आहे.

पाकिटाला हात लावू नका, ११२ ला किंवा जवळच्या ठाण्याला कळवा, आणि पाकीट दिसलं ती वेळ व जागा लिहून ठेवा. घरी आणून मग कळवणं म्हणजे ताबा कबूल करणं.

माल मित्राचा होता. आमचा नुसता गाडीवर मागे बसला होता.

ताबा सिद्ध व्हायला माहिती असणं लागतं. पण एनडीपीएसमध्ये मालाजवळ सापडलेल्याला माहीत होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, आणि ते खोडायची जबाबदारी मुलाच्या बाजूवर येते. गाडी कुणाची, डिकीची चावी कुणाकडे, फोनवर काय बोलणं झालं, यावर सगळं ठरतं.

मित्राने कट केला, पैसे गोळा केले, ग्रुपवर ऑर्डर दिली, असं दिसलं तर कलम २९ लावून सगळ्यांचा माल एकत्र मोजायचा प्रयत्न होतो. दुसऱ्या प्रकरणात पोलीस फोन आधी बघतात तो याचसाठी.

सोबतचा मित्र १९-२० वर्षांचा असेल तर दोघांची प्रकरणं वेगळी चालतात, एकत्र चालवता येत नाहीत. आणि त्या मोठ्याने तुमच्या मुलाला माल दिला असेल तर त्याच्यावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७, माल पोचवायला वापरलं असेल तर कलम ७८. दोन्हींना ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. पर्यटकांच्या खोल्यांवर पाणी, जेवण पोचवणाऱ्या पोरांना "येताना जरा घेऊन ये" सांगणारे याच कलमात बसतात. हे मंडळासमोर मांडायला संकोच करू नका. वापरलं गेलेलं मूल आणि धंदा करणारा माणूस यांत कायदा फरक करतो.

झडती चुकीची झाली असेल तर?

अंगझडती घेण्याआधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क आहे हे सांगावं लागतं, एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे. हा नियम अंगावरच्या झडतीला लागू आहे, पिशवी किंवा डिकीला नाही. मुलीची झडती फक्त महिलेनेच घ्यायची.

मालाचं वजन करताना काय मोजलं हेही पाहा. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे, फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. वजन १ किलोच्या आसपास असेल तेव्हा हा मुद्दा गुन्ह्याचा वर्गच बदलू शकतो. पंचनाम्याची प्रत मागा.

व्यसनच लागलंय. उपचार घेतले तर प्रकरण थांबतं का?

थांबू शकतं. एनडीपीएसचं कलम ६४अ नेमकं यासाठी आहे. व्यसन लागलेल्या व्यक्तीवर सेवनाचा किंवा लहान मात्रेचा आरोप असेल, आणि ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

'स्वतःहून' हा शब्द महत्त्वाचा. मंडळाने आदेश दिल्यावर जाण्यापेक्षा त्याआधी गेलात तर अर्जाला वजन येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातून सुरुवात करा, केसपेपर जपून ठेवा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरून जवळचं केंद्र कळतं. उतारा, अंगारा, शपथ घालणं हे घराच्या समाधानासाठी करत असाल तर करा, पण त्याचा कागद मंडळासमोर चालत नाही आणि पोराचं व्यसनही त्याने सुटत नाही.

गोव्यात पत्रादेवीला पकडला. आता दर तारखेला गोव्याला जायचं?

कायदा तिथेही हाच. प्रकरण तिथल्या बाल न्याय मंडळासमोर सुरू होतं. मात्र मुलाच्या हिताचं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे, तुमच्या जिल्ह्यातल्या मंडळाशी विचारविनिमय करून, मुलाला तुमच्याकडच्या मंडळाकडे वर्ग करता येतं. बांदा-सावंतवाडीच्या पालकांनी हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. पहिलं प्रकरण सिंधुदुर्गात असेल तर दोन्ही एकाच मंडळासमोर येणं मुलासाठीही बरं असतं: एकच परिविक्षा अधिकारी, एकच उपचार.

बोटीवर जायचं स्वप्न आहे त्याचं. मर्चंट नेव्ही, पासपोर्ट, पोलीस भरती?

१८ च्या आतलं, मंडळाने निकाली काढलेलं प्रकरण चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायला पोलिसांना बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. अल्पवयातल्या दोषसिद्धीवरून पुढे नोकरी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. अडचण येते ती चालू प्रकरणाची. म्हणून ते लवकर संपवा. मंडळाने चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते, फार तर २ महिने मुदतवाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही, तर प्रकरण आपोआप बंद होतं. तारीख मोजा आणि वकिलाला आठवण करा.

१८ नंतरचं प्रकरण मात्र पासपोर्टच्या पडताळणीत येतं आणि भरतीच्या फॉर्ममध्ये लिहावं लागतं. लपवलं तर लपवल्याबद्दल वेगळं बाद करतात. जहाज कंपन्या नशेची चाचणी घेतात ती वेगळीच. ती कुठल्याही न्यायालयाच्या आदेशाने टळत नाही.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरतोय.

मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करणं गुन्हा आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट घ्या, ग्रुप चालवणाऱ्याला लेखी कळवा, मग तक्रार द्या. वाडीतली भांडणं वाढतील म्हणून लोक गप्प बसतात. बसू नका, कारण पोरगं शाळा सोडतं ते बहुतेक वेळा मंडळामुळे नव्हे, या फोटोमुळे.

माझी मोटरसायकल जप्त झाली.

मालकाला माहिती नव्हती आणि त्याने पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवलं तर ती सरकारजमा होत नाही. तोवर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर परत हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवण्यासाठी अर्ज करता येतो. होडीलाही हेच लागू आहे.

वकिलाचे पैसे नाहीत.

मुलासाठी मोफत वकील हा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, तालुक्याला तालुका समिती असते. फोन १५१००. मुलांसाठी १०९८.

मंडळासमोर जाताना काय न्यायचं?

जन्मतारखेचा शाळेचा किंवा दहावीचा दाखला. तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला. हाडांच्या चाचणीची वेळ येऊ देऊ नका. शाळेचं हजेरीपत्रक, उपचारांचे केसपेपर, पहिल्या प्रकरणाचा आदेश आणि त्यातलं काय पाळलं याचा पुरावा.

परिविक्षा अधिकारी २ आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो, त्यासाठी तो घरी येईल, शेजारी विचारेल. त्याच्याशी खरं बोला. घरात दारू असेल, बाप महिनोन् महिने बाहेर असेल, शाळा सुटली असेल, ते सांगा. आई-वडील दोघांनी मंडळासमोर यावं. एकजण परदेशात असेल तर काका किंवा मामाने, ज्याच्याकडे मूल राहणार आहे त्याने, आधार कार्ड घेऊन यावं. आणि त्या दिवशी शाळेची परीक्षा असेल तर आधीच अर्ज देऊन तारीख बदलून घ्या.